नवी सायकल घेण्याआधी जुनीकडं एकदा नीट बघा

मंडळी, आज नगरपालिका नाही, पाणीपट्टी नाही, कुणाचा पक्षप्रवेश नाही. आज सायकलीवर लिहितोय. हा काय सार्वजनिक विषय आहे का, असं कुणाला वाटत असेल तर शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

वाईतून पहाटे साडेपाचला पसरणी घाटाच्या दिशेनं निघालात, तर सायकलवाल्यांचे दोन गट दिसतात. एका गटात डॉक्टर, बँकेतले साहेब, बिल्डर, मास्तर. त्यांच्या सायकली लाखाच्या पुढच्या. दुसऱ्या गटात आजूबाजूच्या गावांतली पंधरा-सतरा वर्षांची पोरं. घरी दोन म्हशी, थोडा ऊस, वडील डेअरीला दूध घालणारे. पोरांच्या सायकली जुन्या, रंग उडालेल्या, चेन कुरकुरणाऱ्या. आणि पाय? पाय बघाल तर पहिल्या गटाला लाज वाटावी असे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. पोरांनी ती मोबाइलवर बघितली, काहींनी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली. तेव्हापासून घराघरात एकच हट्ट आहे: रोडबाइक पाहिजे, कार्बनची पाहिजे. आणि तेव्हापासून मला पालकांचे फोन येतात. "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहिती असतं. पोरगं दीड लाखाची सायकल मागतंय. सोसायटीतून कर्ज काढू का?"

माझं उत्तर सरळ आहे. काढू नका. आहे ती सायकल सुधारा, किंवा वापरलेली चांगली सायकल घेऊन ती सुधारा. दीड लाखाचं काम सगळं होणार नाही, पण त्यातलं जे पोराला आज खरंच उपयोगी आहे, ते दहा-पंधरा हजारांत होतं. कसं, ते सांगतो.

आधी वजनाचा भ्रम काढू. दुकानात गेलं की पहिल्यांदा सायकल उचलून बघतात. "किती हलकी आहे बघा!" ठीक आहे. आता हिशेब करा. पोराचं वजन साठ-पासष्ट किलो, सायकल अकरा किलो, पाण्याची बाटली, पंप, बूट धरून एकूण ऐंशीच्या आसपास. सायकल एक किलोनं हलकी केली तर एकूण वजन सव्वा टक्क्यानं कमी झालं. एक तास लागणाऱ्या चढाला वाचले किती? फार फार तर पाऊण मिनिट. त्या एका किलोसाठी लोक वीस-तीस हजार मोजतात. मोठ्या शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात पाऊण मिनिटाला किंमत आहे, मान्य. पण ज्या पोराच्या मागच्या चाकाला आऊट आहे आणि ब्रेकचं रबर दगड झालंय, त्याची पाच-दहा मिनिटं भलत्याच ठिकाणी चाललीत. आधी ती वाचवा. आणखी एक गोष्ट. जागतिक सायकल महासंघाचा म्हणजे यूसीआयचा नियमच आहे, की रोड शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. हलकेपणाला शेवट आहे, खर्चाला नाही.

सपाटीवर तर वजनाचा प्रश्न आणखी मागं पडतो. ताशी तीसच्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवा सगळ्यात जास्त अडवतं ते आपलं अंग, सायकल नव्हे. फडफडणारा ढगळ टीशर्ट सोडून अंगाबरोबर बसणारा घातला, हँडलवर कोपरं थोडी वाकवली, की फुकटात वेग मिळतो. ही सुधारणा कुठल्या दुकानात विकत मिळत नाही म्हणून तिची जाहिरातही नाही.

आता पैसे कुठं घालायचे आणि कुठल्या क्रमानं, ते बघू. भाव आमच्याकडचे आणि अंदाजे आहेत, गावागणिक फरक पडेल.

पहिला खर्च ओव्हरहॉलिंगचा. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर "ओव्हरऑइलिंग" लिहितात, तेच. हब उघडायचे, जुनं काळं ग्रीस काढायचं, छर्रे बदलायचे, कोन नीट बसवायचे, दोन्ही चाकांचा आऊट काढायचा, आरे सारख्या ताणाचे करायचे, बीबी आणि हेडसेट बघायचा. सात-आठशे, हजार रुपये. निम्म्या सायकलींना याच्यापुढं काही लागतच नाही. पेडल उलटं फिरवून कर्रकर्र येतंय का बघा. पुढचं चाक उचलून हातानं फिरवा, ते किती वेळ फिरतंय आणि ब्रेकला कुठं घासतंय का, ते बघा. हे तपासायला पैसे लागत नाहीत.

दुसरा खर्च टायरचा. एका खर्चात सगळ्यात जास्त फरक जाणवणारी वस्तू म्हणजे टायर. स्वस्त सायकलीला कंपनीकडून येणारे टायर जाड, कडक आणि जड असतात. चांगले, लवचिक टायर आणि नव्या ट्यूबा घातल्या की सायकल अक्षरशः वेगळी वाटते. जोडीला चार-पाच हजार जातात. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर २३ ऐवजी २५ किंवा २८ मिलिमीटरचा घ्या. बारीक टायर म्हणजे वेग, हा जुना समज आहे. आपल्या खडबडीत रस्त्यावर दगडासारखा फुगवलेला बारीक टायर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत पोराची ताकद वाया जाते. टायरवर लिहिलेला मोठ्यात मोठा आकडा म्हणजे भरायची हवा नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये साधारण ७० ते ८० पीएसआय पुरतात. पाऊस असेल तर त्याहून थोडी कमी.

तिसरा खर्च ब्रेकचा, आणि इथं मी हात जोडून सांगतो, याला टाळाटाळ करू नका. पसरणीचा चढ पोरं दमादमानं चढतात, पण उतरताना ताशी पन्नासच्या पुढं जातात. वळणावर समोरून पर्यटकांची गाडी आली तर त्या क्षणी कार्बन कामाला येत नाही, ब्रेकचं रबर येतं. रिम ब्रेकचे जुने पॅड कडक होतात, त्यात वाळू आणि ॲल्युमिनियमचे कण रुततात, ते रिमही खातात. नवे पॅड, नव्या केबली आणि केबलीवरचं कव्हर, सगळं मिळून हजाराच्या आसपास. पंचवीस हजाराचं चाक घेतलेला माणूस चारशेच्या पॅडला मागंपुढं बघतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

चौथी चेन. ही घरी तपासता येते. स्टीलची फूटपट्टी घ्या. सायकल चेनचे दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणून चोवीस अंतरं म्हणजे बरोबर बारा इंच. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा आणि चोवीस अंतरं सोडून पुढची पिन बघा. बरोबर बारावर असेल तर चेन ठणठणीत. बारा इंचाच्या पुढं एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर फार उशीर झाला, मागची कॅसेटही गेली समजा. हजाराची चेन वेळेवर बदलली की दोन-अडीच हजाराची कॅसेट वाचते. घरातला छताचा गळका पत्रा वेळेवर बदलण्यासारखंच आहे हे.

पाचवा मुद्दा घाटवाल्यांसाठी: गिअरचं गणित. पुढं ३४ दातांची लहान चकती आणि मागं सगळ्यात मोठी २८ची असेल, तर मिनिटाला साठ पेडल मारत राहायला ताशी नऊ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. मागं ३२ची असेल तर आठवर भागतं. एक किलोमीटर तर फरक, असं वाटेल. पण बारा-तेरा किलोमीटरच्या चढावर तेवढ्यानंच गुडघे वाचतात आणि पोरगं उभं राहून हाणायच्या ऐवजी बसून चढतं. मागच्या डिरेल्युरची क्षमता तेवढी आहे का, एवढं मिस्त्रीला विचारून कॅसेट बदला. माझ्या माहितीतल्या एका पोरानं वापरलेली ॲल्युमिनियमची सायकल चौदा हजाराला घेतली, टायर, ब्रेक, चेन, कॅसेट आणि ओव्हरहॉलिंगवर साधारण नऊ घातले. तेवीस हजारांत तो आज त्या लाखवाल्या गटाच्या पुढं घाट चढतो. मागं बसलेले डॉक्टरसाहेब त्याला विचारतात, "कुठली रे सायकल?"

आता सेकंडहँडचा विषय. इथं स्वस्तही मिळतं आणि फसवणूकही होते.

पुण्या-मुंबईचे हौशी लोक दर दोन-तीन वर्षांनी सामान बदलतात. २०२२ मध्ये शिमानोनं त्यांची १०५ ही मधली श्रेणी बारा गिअरची इलेक्ट्रॉनिक केली. असं काही नवं आलं की आधीचं अकरा गिअरचं, केबलवर चालणारं उत्तम सामान लोक काढून टाकतात. शिमानोचा चढता क्रम लक्षात ठेवा: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. पण वरचा माल दिसला की लगेच पैसे पाठवू नका. आपल्या सायकलीला बसतो का, हा पहिला प्रश्न.

तुमच्या मागच्या चाकाला आट्यांवर बसणारं फ्रीव्हील आहे की कॅसेट, ते बघा. सात गिअरच्या बऱ्याच स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असतं. त्यावर कॅसेट बसत नाही, चाकच बदलावं लागतं. शिमानोच्या आठ, नऊ आणि दहाच्या कॅसेट एकाच हबवर बसतात, पण रोडची अकराची कॅसेट जास्त रुंद असते, तिला लांब बॉडीचा हब लागतो. हँडलवरचा शिफ्टर जितक्या गिअरचा, तितक्याच गिअरची कॅसेट हवी. आठ-नऊ-दहाचे जुने रोड डिरेल्युर एकमेकांच्या जागी चालतात, पण टियाग्रा ४७०० त्याला अपवाद आहे, त्याची केबल ओढण्याची मापं वेगळी आहेत. आणि फ्रेमवर डिस्कची जागाच नसेल तर "डिस्क ब्रेक लावून द्या" म्हणून दुकानदाराच्या मागं लागू नका. जुगाड केलेला ब्रेक हा ब्रेक नसतो.

वापरलेलं काय घ्यावं? डिरेल्युर, क्रँक, ॲल्युमिनियमचं हँडल आणि सीटपोस्ट, पेडल, सीट. शिफ्टर घ्या, पण प्रत्येक गिअर दहा वेळा खाली-वर करून बघितल्यावरच. चाकं घ्या, पण रिमच्या बाजूवर बोट फिरवून. ब्रेकनं खाऊन खळगा पडलाय का, आरे जिथं बसतात तिथं बारीक तडा आहे का, ते बघा.

काय घेऊ नये? हेल्मेट कधीच नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसतं, पण आतला फोम मेलेला असतो. कार्बनचा फोर्क आणि कार्बनचं हँडल अनोळखी माणसाकडून नाही. ॲल्युमिनियम बऱ्याचदा वाकून इशारा देतं, कार्बनची आतली चीर दिसतही नाही आणि तुटतं ते एकदम. चेन, टायर, ब्रेक पॅड, केबली या झिजणाऱ्या वस्तू, त्या नव्याच घ्याव्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बिल मागा. फ्रेमच्या खाली बीबीजवळ नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो मागा. चाळीस हजाराचं सामान दहाला मिळतंय, बिल नाही, विकणारा भेटायलाही तयार नाही, म्हणजे ती कुणाच्या तरी पार्किंगमधून उचललेली सायकल असू शकते. स्वस्त पडली म्हणून चोरीचा माल घेणारा चोराचा भागीदारच. उद्या पोलीस दारात आले तर पोराचं वय बघणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग नवी सायकल कधी घ्यायचीच नाही का? घ्यायची. फ्रेमला तडा असेल, फ्रेम पोराच्या मापाची नसेल, किंवा सुधारणेचा खर्च सायकलीच्या किमतीच्या पुढं चालला असेल, तर ती सायकल सोडा. चुकीच्या मापाच्या फ्रेमला सोन्याचे गिअर लावले तरी पाठ दुखणारच. आणि पोरगं खरंच राज्य पातळीवर पोचलं, प्रशिक्षक म्हणाले की आता सायकल आड येतेय, तर तेव्हा जरूर घ्या. तोपर्यंत नाही. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला चाळीस तास देतात. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराचा वेग. त्याला पाय, पाठ, झोप आणि न तुटणारी चेन लागते. कार्बन लागत नाही.

दुसरा आक्षेप दुकानदार मित्रांचा. "तुम्ही असं लिहिलं तर आम्ही खायचं काय?" त्यांचं अगदी खरं आहे. नवी सायकल विकली की एकदम पैसे सुटतात, दुरुस्तीत तास जातात. पण इथं चूक गिऱ्हाइकाची आहे. तीन हजाराचा टायर मुकाट्यानं घेणारा माणूस आऊट काढायच्या दीडशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. आरे ओढणं ही कला आहे, ते हात घडायला वर्षं जातात. गावातले जुने मिस्त्री गेले, त्यांची पोरं मोबाइलच्या दुकानात बसली, कारण या हाताला आपण किंमत दिली नाही. स्वस्तात सायकल सुधारायची असेल तर एका ठिकाणी स्वस्ताई करू नका, मजुरीत. सामान जुनं चालेल, हात चांगला पाहिजे.

आता सार्वजनिक विषयाकडं येतो.

एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि सायकलीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही कपात तुमच्या हातात पडते की नाही, हे पक्कं बिल घेतल्याशिवाय कळणार नाही. चिठ्ठीवर हिशेब घेऊ नका, बिल घ्या.

दोन. फिटर आणि मोटर मेकॅनिक शिकवणाऱ्या आयटीआयमध्ये गिअरच्या सायकलींचा पंधरा दिवसांचा छोटा अभ्यासक्रम घ्यायला काय हरकत आहे? वर्कशॉप आहे, वायसर आहे, शिकवणारे आहेत. घाटात येणाऱ्या सायकलस्वारांची संख्या बघता दहा पोरांच्या पोटाची सोय यातून होईल. आज गिअर सेटिंगसाठी आपली माणसं सातारा नाहीतर पुणं गाठतात. जाण्यायेण्याचं पेट्रोल मजुरीपेक्षा जास्त पडतं.

तीन. क्रीडा संकुलात किंवा शाळेत एक बाकडं ठेवा. त्यावर चेन तोडायचं हत्यार, कॅसेट काढायचा पाना, ॲलन की, आरे ओढायची चावी, प्रेशर मीटरचा पंप. दहा-बारा हजारांत एक बाकडं उभं राहतं. ज्या पोराला चाक घेणं परवडत नाही, त्याला हत्यार तरी उसनं मिळावं. सायकल वाटपाचा फोटो सगळीकडं छापून येतो. वाटलेल्या सायकलीच्या दुरुस्तीचा फोटो कुठंच येत नाही. पुढाऱ्यांना आणि मंडळांना माझं सांगणं आहे, यंदा दहा नव्या सायकली वाटण्याऐवजी पाच वाटा, आणि उरलेल्या पैशात पन्नास जुन्या चालू करून द्या. टाळ्या कमी पडतील, पण शाळेत जाणारी पोरं जास्त होतील.

चार. आपल्याच गॅलऱ्यांमध्ये पडलेलं सामान. कोरोनाच्या काळात हौसेनं घेतलेल्या आणि आता कपडे वाळवायला वापरल्या जाणाऱ्या सायकली वाई, पाचगणी, साताऱ्यात किती असतील, मोजा. त्यांचे गिअर चांगले आहेत, चाकं चांगली आहेत, फक्त गंज चढतोय. विकायच्या असतील तर वाजवी भावात विका, द्यायच्या असतील तर द्या. पण लाखाला घेतली म्हणून ऐंशी हजाराला जाईल, या आशेवर ती गंजत ठेवू नका. पाच वर्षांनी तिला भंगारवालाही किलोचा भाव देतो.

शेवटी पालकांना एवढंच. पोरगं सायकल मागतंय, मोबाइल नाही, मोटारसायकल नाही, हे आधी कौतुकानं बघा. त्याला नाही म्हणू नका. त्याला फूटपट्टी द्या, चेन मोजायला लावा. जुनी सायकल उघडून, पुसून, जोडून जो पोरगा रस्त्यावर आणतो, त्याला घाटात चेन पडली तर फोन करावा लागत नाही. कर्जानं घेतलेल्या सायकलीचं ओझं मात्र त्याच्या डोक्यावर राहतं. एका शर्यतीत मागं पडला की त्याला शर्यत दिसत नाही, बापाचा हप्ता दिसतो. सोळा वर्षांच्या पोराच्या पाठीवर तेवढं वजन कशाला?

ज्यांच्या घरी चांगलं सामान पडून आहे त्यांनी कॉमेंटमध्ये फक्त "आहे" लिहा, मी स्वतः मेसेज करतो. फोन नंबर इथं टाकू नका. ज्यांना चाक, गिअर, टायर हवंय त्यांनी सायकलीचं माप आणि मागं किती गिअर आहेत ते लिहा. आणि गावातल्या चांगल्या मिस्त्रीला माझ्या नावानं सवलत मागू नका. पूर्ण पैसे द्या.